आधीच्या डेव्हलपरने थीमच्या फाईलीतच बदल करून ठेवलेत, आता थीम अपडेट कशी करू?

भाजणीवाली_भाची
नमस्कार मंडळी. मावशीचा कर्वेनगरला फराळाचा व्यवसाय आहे, भाजणी, चकली, मेतकूट, चिवडा असलं सगळं, आणि त्याची साईट आहे वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर (वर्डप्रेसचं दुकानासाठीचं प्लगिन). मी हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे, वेबचं काम कधी केलेलं नाही, पण घरच्यांच्या लेखी कॉम्प्युटरचं काहीही असलं की ते माझ्याकडे, प्रिंटरपासून वेबसाईटपर्यंत. साईट ज्या मुलाने बनवली तो आता परदेशात आहे आणि मेसेजला "बघतो" एवढंच उत्तर येतं.

तर डॅशबोर्डवर थीमचा अपडेट कधीपासून दिसतोय, मधली बरीच व्हर्जन्स सुटलीत, आणि त्यात आता होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय की पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ७.४ बंद करतोय, ८.२ वर या. म्हणजे नुसतं बघत बसून चालणार नाही. पण तो मुलगा जाता जाता सांगून गेला होता की थीम अपडेट करू नका, मी आत थोडे चेंजेस केलेत. थोडे म्हणजे किती आणि कुठे, काही लिहून ठेवलेलं नाही. चाइल्ड थीम (मूळ थीमला हात न लावता आपले बदल ठेवायचं वेगळं फोल्डर) वगैरे काही नाहीये, थीम्सच्या पानावर फक्त आमची थीम आणि वर्डप्रेसबरोबर येणारी ती एक. थीम फुकटची आहे, वर्डप्रेस डॉट ऑर्गवरची. नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर ती थीम चांगली की वाईट यावरच चर्चा सुरू होईल.

अपडेट केला तर नक्की काय उडतं आणि काय राहतं? त्याने काय बदललंय ते शोधायचं कसं? आणि ऑर्डरी चालू असताना हे करता येतं का, कारण मावशी साईट बंद ठेवायला अजिबात तयार नाही, श्रावण संपला की चौकशा सुरू होतात आणि गणपती झाले की फोन खाली ठेवता येत नाही.

बिनधास्त_बाणेर
एवढा विचार कशाला करताय. बॅकअप प्लगिन टाका, एक बॅकअप घ्या, अपडेटचं बटण दाबा. बिघडलं तर रिस्टोअर. मी क्लायंटच्या साईटी अशाच करतो.

नारायणपेठी
बिघडलंय हे कळलं तर रिस्टोअर करणार ना? पान पांढरं पडलं तर लगेच दिसतं. पण त्या मुलाने डिलिव्हरी चार्जचा कोड थीममध्ये टाकला असेल तर अपडेटनंतर साईट दिसायला ठणठणीत आणि नागपूरची ऑर्डर फुकट कुरियरने चाललीये असं होईल, आणि ते मावशींना महिनाअखेरीला हिशोबात कळेल. तोपर्यंत मधे आलेल्या ऑर्डरींसकट जुना बॅकअप रिस्टोअर करून दाखवा बघू.

सर्व्हररूम
वरचं बरोबर आहे. ताई, आधी काय कुठे साठवलेलं असतं ते समजून घ्या, मग अर्धी भीती जाईल.

थीम अपडेट म्हणजे वर्डप्रेस जुन्या थीमचं फोल्डर काढतं आणि त्या जागी नवीन ठेवतं. जुन्या-नव्याची मिसळ वगैरे करत नाही. त्यामुळे त्या फोल्डरमधल्या फाईलींत हाताने जे काही लिहिलंय, फंक्शन्स डॉट पीएचपी, हेडर डॉट पीएचपी, फूटर, स्टाईल डॉट सीएसएस, ते सगळं जातं, विचारत सुद्धा नाही. डेटाबेसमध्ये जे आहे ते राहतं, म्हणजे प्रॉडक्ट, ऑर्डरी, पानं, मेन्यू, कस्टमायझरमधून (अपिअरन्समधलं "कस्टमाइझ") निवडलेले रंग आणि लोगो, आणि कस्टमायझरमधल्या अ‍ॅडिशनल सीएसएसच्या डब्यात लिहिलेलं सीएसएस (हा डबा वर्डप्रेस ४.७ पासून आहे, २०१६). फोटो अपलोड्सच्या फोल्डरमध्ये, प्लगिन त्यांच्या फोल्डरमध्ये, त्यांना थीमच्या अपडेटने काही होत नाही.

एक फाटा आहे. अपिअरन्समध्ये तुम्हाला "कस्टमाइझ" दिसत असेल तर क्लासिक थीम, "एडिटर" दिसत असेल तर ब्लॉक थीम, जी भानगड वर्डप्रेस ५.९ मध्ये २०२२ साली आली. ब्लॉक थीममध्ये एडिटरमधून बदललेले टेम्प्लेट डेटाबेसमध्ये जातात, म्हणजे ते अपडेटने उडत नाहीत, उलट नवीन व्हर्जनमध्ये त्या टेम्प्लेटला केलेली सुधारणा तुम्हाला दिसतच नाही. तुमचं वर्णन ऐकून क्लासिकच वाटतेय, मी तसं धरून पुढे लिहितो.

आता त्याने काय बदललंय ते शोधणं. हे काम वाटतं तेवढं अवघड नाही, उलट तुमच्यासारख्या टेस्टिंगवाल्यांच्या हातचं आहे. स्टाईल डॉट सीएसएस उघडा, वरच्या कॉमेंटमध्ये व्हर्जनचा आकडा असेल. नेमकं त्याच व्हर्जनची कोरी झिप मिळवायची, नवीन नाही. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर थीमचं डाउनलोडचं बटण आहे त्याच्या पत्त्यात व्हर्जनचा आकडा असतो, तो बदलून जुना टाकला की जुनी झिप येते. मग सर्व्हरवरचं थीमचं फोल्डर उतरवून घ्या, सीपॅनलच्या (होस्टिंगवाल्यांचं कंट्रोल पॅनल) फाईल मॅनेजरमधून कॉम्प्रेस करून एका झिपमध्ये आणलंत की झालं, आणि दोन्ही फोल्डर विनमर्जमध्ये शेजारी शेजारी टाका. फुकट सॉफ्टवेअर आहे. जे वेगळं दिसेल तेवढंच त्या मुलाचं काम.

पहिल्यांदा बघाल तेव्हा कदाचित प्रत्येक फाईल लाल पिवळी दिसेल आणि पोटात गोळा येईल. घाबरू नका, बहुतेक वेळा ती ओळींच्या शेवटाची गंमत असते, एक फाईल विंडोजवर सेव्ह झालेली आणि दुसरी लिनक्सवरची. ऑप्शन्समध्ये कॅरेज रिटर्न आणि व्हाइटस्पेस इग्नोर करा, मग खरे फरक तेवढे उरतात. आणि बघता बघता कुठे बेस सिक्स्टीफोर डीकोड, इव्हॅल असलं काही आणि पुढे अक्षरांची न संपणारी रांग दिसली तर तो बहुधा डेव्हलपरचा चेंज नाही, साईट हॅक झालेली असू शकते, मग इथे येऊन वेगळा धागा काढा.

फरक मिळाले की प्रत्येकाबद्दल ठरवा, ठेवायचा की नाही. ठेवायचे ते चाइल्ड थीममध्ये. चाइल्ड थीम म्हणजे एक वेगळं फोल्डर, त्यात कमीत कमी एक स्टाईल डॉट सीएसएस, ज्याच्या वरच्या कॉमेंटमध्ये थीमचं नाव आणि "टेम्प्लेट" म्हणून मूळ थीमच्या फोल्डरचं नाव, अगदी अक्षर न् अक्षर तेच, नाहीतर वर्डप्रेस सांगेल मूळ थीम सापडत नाही. त्या मुलाचा पीएचपी कोड चाइल्डच्या फंक्शन्स फाईलमध्ये. इथे बरेच जण मूळची पूर्ण फंक्शन्स फाईल कॉपी करून चाइल्डमध्ये ठेवतात आणि साईट पडते, कारण ही एक फाईल अशी आहे की दोन्हीकडची चालते, आधी चाइल्डची मग मूळची, त्यामुळे तेच फंक्शन दोनदा आलं की फेटल एरर. बाकीच्या टेम्प्लेट फाईलींचं उलट, चाइल्डमध्ये हेडर डॉट पीएचपी असेल तर मूळचा वाचलाच जात नाही. म्हणून टेम्प्लेट शक्यतो कॉपी करूच नका, कॉपी केलेली फाईल तिथेच गोठते, मूळ थीम पुढे जाते आणि वर्षभराने तुम्ही परत आजच्याच जागी. हेडरमध्ये नुसता अ‍ॅनॅलिटिक्सचा कोड चिकटवला असेल तर त्यासाठी हुक आहे, म्हणजे टेम्प्लेटला हात न लावता कोड जोडायची सोय, चार ओळीत फंक्शन्स फाईलमधून जातो.

आणि एक खड्डा आधीच सांगून ठेवतो. चाइल्ड थीम अ‍ॅक्टिव्हेट केली की लोगो, रंग, अ‍ॅडिशनल सीएसएस, सगळं गेल्यासारखं दिसेल. गेलेलं नसतं. कस्टमायझरची सेटिंग्ज थीमच्या फोल्डरच्या नावावर साठवतात, नाव बदललं की नवी कोरी पाटी. कस्टमायझर एक्स्पोर्ट इम्पोर्ट करणारी प्लगिनं आहेत, मूळ थीम चालू असताना एक्स्पोर्ट, चाइल्ड चालू करून इम्पोर्ट. अ‍ॅस्ट्रासारख्या काही थीम आपली बरीच सेटिंग्ज वेगळ्या नावाने ठेवतात, त्यांना हा त्रास कमी होतो. काही असो, अ‍ॅडिशनल सीएसएस आधी नोटपॅडमध्ये कॉपी करून ठेवा.

नारायणपेठी
सर्व्हररूम यांनी छान लिहिलंय, पण हे सगळं लाइव्हवर करायचं नाही हे त्यांनी गृहीत धरलंय, मी लिहूनच टाकतो.

स्टेजिंग बनवा. सीपॅनलमध्ये सॉफ्टॅक्युलस किंवा वर्डप्रेस टूलकिट असेल तर क्लोन नाहीतर स्टेजिंग असं बटण असतं, एका सबडोमेनवर साईटची हुबेहूब प्रत तयार होते. हुबेहूब म्हणजे खरोखर हुबेहूब, आणि तिथेच लोक फसतात. त्या प्रतीत खऱ्या गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन, ईमेल आहेत आणि पेमेंटची लाइव्ह की आहे. म्हणून क्लोन झाल्याबरोबर पहिलं काम, पेमेंट गेटवे रेझरपे असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये टेस्ट मोडच्या की टाका. दुसरं, मेल बाहेर जाणं बंद करणारं प्लगिन टाका, नाहीतर तुम्ही ऑर्डरीचं स्टेटस बदलून बघणार आणि कोथरूडच्या कुठल्यातरी काकूंना मागच्या दिवाळीची ऑर्डर डिस्पॅच झाल्याचा मेल जाणार. तिसरं, सबडोमेनच्या फोल्डरला सीपॅनलमधून पासवर्ड लावा. रीडिंग सेटिंगमधली सर्च इंजिनची टिक आहे, पण ती नुसती विनंती असते, पासवर्ड म्हणजे कुलूप.

आता महत्त्वाचं. स्टेजिंगवर सगळं मनासारखं झालं की तिथे "पुश टू लाइव्ह" असं एक मोहक बटण दिसेल. दुकानाच्या साईटवर ते डेटाबेससकट कधीही दाबू नका. स्टेजिंगचा डेटाबेस क्लोन केला त्या दिवसाचा आहे, मधल्या काळात लाइव्हवर आलेल्या ऑर्डरी, नवीन गिऱ्हाइकं, स्टॉकचे आकडे सगळं त्याखाली गाडलं जातं. पैसे गेटवेकडे जमा, आणि साईटवर ऑर्डरीचा मागमूस नाही, मग मावशींनी कोणाला किती चकली पाठवायची? स्टेजिंग हे तालमीसाठी. तिथे जे केलं त्याची यादी करा आणि लाइव्हवर तीच कामं हाताने करा: सेटिंग एक्स्पोर्ट, चाइल्ड थीमची झिप अपलोड, अ‍ॅक्टिव्हेट, सेटिंग इम्पोर्ट, मग मूळ थीम अपडेट. तालीम झालेली असली की चहा निवायच्या आत होतं.

जाता जाता, हे गुरुवारी करू नका, पुण्यात त्या दिवशी लाइट जाते.

बिनधास्त_बाणेर
लाइट गेली तर काय फरक पडतो, अपडेट तुमच्या घरी होतो का? सर्व्हरवर होतो.

नारायणपेठी
डॅशबोर्डवरून केला तर सर्व्हरवरच होतो, मान्य. एफटीपीने फाईली चढवत असाल आणि राउटर बंद पडला तर अर्धी थीम जुनी आणि अर्धी नवीन. आणि अपडेट झाल्यावर साईट बघायची कशावर, मोबाईलच्या टॉर्चवर?

भाजणीवाली_भाची
बापरे, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, दोघांचेही आभार. विनमर्ज केलं. कॅरेज रिटर्नचं तुम्ही आधीच सांगितलंत ते बरं, कारण खरंच पहिल्यांदा सगळ्या फाईली वेगळ्या दाखवत होत्या.

थोडे चेंजेस निघाले ते असे. हेडरमध्ये अ‍ॅनॅलिटिक्सचा कोड आणि सर्च कन्सोलचा व्हेरिफिकेशन टॅग. फूटरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं बटण आणि मावशीचा नंबर. स्टाईल डॉट सीएसएसच्या शेवटी बरंच सीएसएस, त्यातलं निम्मं कशासाठी आहे कळत नाही. आणि नारायणपेठी, तुम्ही ज्योतिष बघता का, फंक्शन्स फाईलमध्ये खरोखर डिलिव्हरीचा कोड आहे. पिनकोड ४११ ने सुरू होत असेल तर डिलिव्हरी फ्री, नसेल तर कुरियरचे पैसे धर, असं काहीतरी. मावशीला विचारलं तर म्हणते हो मग, ते तर त्याला मीच सांगितलं होतं. शिवाय थीमच्या आत वूकॉमर्स नावाचं एक फोल्डर आहे, त्यात चेकआऊटची एक फाईल. कोऱ्या थीममध्ये ते फोल्डरच नाही.

हा पिनकोडचा कोड तसाच उचलून चाइल्डमध्ये टाकू ना?

सर्व्हररूम
टाकू नका, फेकून द्या. दुकानाचा व्यवहार थीममध्ये असूच नये, उद्या थीम बदललीत तर परत हेच. वूकॉमर्सच्या शिपिंग सेटिंगमध्ये झोन असतात, एक झोन करा "पुणे", देश-राज्यात महाराष्ट्र, आणि पिनकोडच्या चौकटीत ४११ आणि पुढे तारा (*) टाका, म्हणजे ४११ ने सुरू होणारे सगळे. त्या झोनला फ्री शिपिंग. खाली दुसरा झोन उरलेल्या भारतासाठी, त्याला फ्लॅट रेट. झोन वरून खाली तपासले जातात, जो पहिला जुळला तो लागतो, म्हणून पुण्याचा वर ठेवा. कोडची एक ओळ लागत नाही आणि रेट बदलायचा झाला तर मावशी स्वतः बदलू शकतात.

तसंच सीएसएस अ‍ॅडिशनल सीएसएसमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण फूटरच्या विजेटमध्ये नाहीतर एखाद्या हलक्या प्लगिनने. अ‍ॅनॅलिटिक्स आणि तो टॅग तेवढा हुकने चाइल्डमध्ये.

वूकॉमर्सचं फोल्डर मात्र नीट बघा. ती फाईल प्लगिनमधल्या चेकआऊटच्या टेम्प्लेटची कॉपी आहे, तिथून उचलून बदललेली, त्यामुळे कोऱ्या थीमशी तुलना करून काही कळणार नाही, प्लगिनमधल्या त्याच नावाच्या फाईलशी करा. वूकॉमर्सच्या स्टेटसच्या पानावर अगदी खाली टेम्प्लेट असा भाग आहे, तिथे ती जुनी झाली असेल तर तसं लिहिलेलं दिसेल. बदल किरकोळ असेल, एखादं लेबल मराठीत करणं वगैरे, तर ती फाईल सोडून द्या आणि लेबल दुसऱ्या मार्गाने करा.

वाघोलीकर
झोन करताय तर एक विनंती, आम्हाला ४१२ म्हणून टाकून देऊ नका. वाघोली ४१२२०७ आहे, मांजरीचा पिनकोडपण ४१२ चाच. महापालिकेत घेतलं, टॅक्स घेतात, फक्त डिलिव्हरीच्या वेळी आम्ही परगावचे.

भाजणीवाली_भाची
हाहा, मावशीला विचारते. एकेक पिनकोड खाली खाली लिहून चालतो का त्या चौकटीत?

सर्व्हररूम
चालतो, प्रत्येक ओळीवर एक.

मध्यरात्रीचा_मेंटेनन्स
पीएचपीचं कोणी बोललंच नाही. थीम आणि पीएचपी एकाच दिवशी बदलू नका, काही फुटलं तर कोणामुळे फुटलं कळत नाही. आधी थीम, दोन तीन दिवस ऑर्डरी येऊ द्या, मग पीएचपी. जुनी थीम तशीच ठेवून ८.२ वर गेलात तर फटका बसायची शक्यता जास्त, पीएचपी ८ मध्ये बऱ्याच जुन्या गोष्टी काढून टाकल्यात, क्रिएट फंक्शन नावाचा प्रकार जुन्या थीमांमध्ये सर्रास असायचा तो गेला, काउंट फंक्शनला नल (रिकामं मूल्य) दिलं की आधी नुसती वॉर्निंग यायची, आता पान मरतं. ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय त्यामुळे होस्टिंगवाले चुकीचं सांगत नाहीयेत. सीपॅनलमध्ये मल्टीपीएचपी असेल तर प्रत्येक डोमेनला वेगळं व्हर्जन लावता येतं, स्टेजिंगच्या सबडोमेनला ८.२ लावून आधी तिथे बघा.

आणि लाइव्हला हात लावायच्या आधी, आत्ता, आधी हे करा: सेटिंग्ज, जनरल, तिथे अ‍ॅडमिन ईमेल कोणाचा आहे बघा. माझी पैज आहे त्या मुलाचा असणार. वर्डप्रेस ५.२ पासून थीममुळे साईट पडली की वर्डप्रेस स्वतः अ‍ॅडमिनला मेल करतं, त्यात रिकव्हरी मोडची लिंक असते, त्या लिंकने आत गेलं की बिघडलेली थीम तुमच्यापुरती थांबवलेली असते आणि डॅशबोर्ड चालतो. ती लिंक परदेशात जाऊन काय उपयोग. ईमेल बदलला की नवीन पत्त्यावर कन्फर्मेशन येतं, ते क्लिक केल्याशिवाय बदल होत नाही.

मेल नाहीच आला तर फाईल मॅनेजरमधून थीमच्या फोल्डरचं नाव बदला, पुढे नुसतं "ओल्ड" लावलं तरी चालेल, आणि डॅशबोर्डमध्ये थीम्सचं पान उघडा, वर्डप्रेसला अ‍ॅक्टिव्ह थीम सापडली नाही की ते स्वतःची डिफॉल्ट थीम लावतं. म्हणून ती एक डिफॉल्ट थीम आहे ती साफसफाई म्हणून उडवू नका. साईट वेडीवाकडी दिसेल पण आत जाता येईल.

अपडेट चालू असताना मधेच अडकला आणि साईटवर मेंटेनन्सची एक ओळ दिसत राहिली तर रूट फोल्डरमध्ये डॉट मेंटेनन्स नावाची लपलेली फाईल असते, ती डिलीट करा. तशीही दहा मिनिटांनंतर वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं. ६.३ पासून फाईली कॉपी होताना अपडेट फसला तर जुनी थीम आपोआप परत ठेवली जाते, पण नीट कॉपी झालेल्या नवीन थीमचाच कोड तुमच्या साईटला झेपला नाही तर ती सोय कामाची नाही, तिथे तुमचा बॅकअपच.

बॅकअपबद्दल एवढंच की तो त्याच सर्व्हरवर ठेवू नका, फाईली आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घ्या.

भाजणीवाली_भाची
पैज जिंकलात. ईमेल त्याचाच होता. बदलला.

स्टेजिंगवर चाइल्ड थीम लावली, कस्टमायझर इम्पोर्ट केलं, थीम अपडेट केली, टेस्ट ऑर्डरी टाकल्या, पुणे आणि बाहेर दोन्ही चार्ज बरोबर येतायत. चेकआऊटच्या फाईलमध्ये फक्त "पिनकोड" हे लेबल बदललेलं निघालं, सोडून दिली. पण एक विचित्र झालंय. सगळ्या मोठ्या हेडिंगांची अक्षरं सुटी सुटी झालीत. "खमंग भाजणी" मधली वरची रेघ प्रत्येक अक्षरानंतर तुटते, आणि "आमच्याविषयी" मधल्या वेलांट्या वरून कापल्यासारख्या दिसतात. इंग्रजी हेडिंग एकदम मस्त दिसतंय. आणि माझ्या लॅपटॉपवर फॉन्ट एक, मावशीच्या फोनवर वेगळाच. जुन्या थीममध्ये असं नव्हतं. कॅशे रिकामी केली, कंट्रोल शिफ्ट आरपण करून झालं.

अक्षरवेडी
हा आपल्या लिपीचा नेहमीचा छळ आहे, कॅशेचा दोष नाही. नवीन व्हर्जनमध्ये त्यांनी हेडिंगला लेटर स्पेसिंग दिलंय. रोमन अक्षरं थोडी लांब ठेवली की ऐटदार दिसतात म्हणून डिझाइनर ते देतात, देवनागरीत अक्षरं लांब सरकली की शिरोरेषा तुटते. वेलांटी कापली जातेय ती लाइन हाइट (ओळीची उंची) कमी केल्यामुळे, १.१ वगैरे असेल आणि वरच्या डब्याला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर आलेलं कापणारं), रोमनला पुरतं, आपल्याला वर वेलांटी, रफार, चंद्र आणि खाली उकार, एवढी सगळी मंडळी बसवायची असतात. अ‍ॅडिशनल सीएसएसमध्ये एच वन ते एच फोरला लेटर स्पेसिंग शून्य आणि लाइन हाइट १.४ करा. मेन्यू आणि बटणांनाही बघा, तिथेही हळूच स्पेसिंग दिलेलं असतं.

फॉन्ट वेगळा दिसतोय याचा अर्थ नवीन थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. मग ब्राउझर प्रत्येक मशीनवर जे असेल ते उचलतो, विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर बहुतेक नोटो. जुन्या थीममध्ये त्या मुलाने फॉन्ट कुठेतरी जोडलेला असणार, तुम्हाला कळलं नाही त्या निम्म्या सीएसएसमध्ये शोधा. नाही मिळाला तर मुक्ता घ्या, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, "एक टाइप" नावाच्या फॉन्टवाल्यांचा, सात वजनं (जाडीचे प्रकार) आहेत. सातही लोड करू नका, साईट जड होईल, पण ४०० आणि ७०० दोन्ही घ्या, एकटा ४०० घेतला तर ठळक अक्षर ब्राउझर स्वतः फुगवून बनवतो आणि मात्रा एकमेकींत चिकटतात.

फॉन्ट लागला की एका टेस्टच्या पानावर हे टाकून बघा: कुऱ्हाड, वैशिष्ट्य, ॲप, ऑर्डर, शुद्ध, ट्रॅक, कर्वेनगर. ऱ्ह नीट आला आणि ॲ वरचा चंद्र अक्षराला धरून राहिला की बाकीचं चालतं. आणि साईटची भाषा मराठी आहे ना ते बघा, काही फॉन्ट भाषा मराठी कळली की ल आणि श आपल्या वळणाचे देतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. हे टेस्टिंग फोनवरच करा, फराळाच्या ऑर्डरी लॅपटॉपवरून कोण देतंय.

भाजणीवाली_भाची
लेटर स्पेसिंगच होतं, ०.०५ ईएम. मेन्यूलापण होतं. आणि त्या न कळणाऱ्या सीएसएसमध्येच फॉन्ट सापडला, मुक्ताच निघाला, फक्त ४०० जोडलेला. आता ठळक हेडिंग आधीपेक्षाही बरं दिसतंय.

लाइव्हपण केलं, काल सकाळी, यादी समोर ठेवून. पीएचपी पुढच्या आठवड्यात. आता शेवटचं, थीमचं ऑटो अपडेट चालू करून टाकू का, म्हणजे परत एवढं मागे पडणार नाही?

मध्यरात्रीचा_मेंटेनन्स
दुकानाच्या साईटला थीमचं ऑटो अपडेट मी बंद ठेवतो. रात्री कधीतरी आपोआप होतं आणि सकाळी चेकआऊटला बटण नाही हे गिऱ्हाईक सांगतं. महिन्यातून एकदा स्टेजिंगला लाइव्हची ताजी प्रत घ्या, तिथे अपडेट, चेंजलॉग वाचा, एक टेस्ट ऑर्डर, मग लाइव्ह. क्लोन ताजा केला की रेझरपेच्या की आणि मेल बंद करणं परत करावं लागतं, ते विसरू नका. चेंजलॉगमध्ये सिक्युरिटी असा शब्द दिसला तर मात्र महिना संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी करा.

नारायणपेठी
आणि गणपती ते दिवाळी या काळात सिक्युरिटी सोडून कशालाच हात लावू नका. मावशींना भाजणी पोस्टाने पाठवता का विचारा, नारायण पेठेतून कर्वेनगरला यायचं म्हणजे आमच्याकडे प्रवासात धरतात.

भाजणीवाली_भाची
४११०३० ना, मग डिलिव्हरी फ्रीच आहे. साईटवरून ऑर्डर टाका, काही अडलं तर स्क्रीनशॉट इथेच डकवा.